चौदा नंबरचा देव

चौदा नंबरची केबल कधी कुरकुरत नसे. बाकीच्या पस्तिसांचं काही ना काही चाललेलं असायचं. कुणी वाऱ्यात घुमायची, कुणी ट्रक गेला की टिकटिक करायची, आणि बावीस नंबर तर ऊन चढलं की जी सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत गप्प बसायची नाही. चौदा नंबर मात्र शांत. मुरडखाडीच्या पुलावर विशाखा तांडेल सात वर्षं अभियंता होती आणि सातही वर्षं तिला या शांतपणाचं कौतुकच वाटत आलं होतं. आता त्याच शांतपणाची तिला धास्ती वाटते.

पूल कसा होता ते आधी सांगायला हवं. खाडीत दोन उंच मनोरे, मनोऱ्यांच्या शेंड्यापासून तिरक्या खाली आलेल्या छत्तीस केबली आणि त्या केबलींना टांगलेला रस्ता. एक केबल म्हणजे एक दोर नव्हे. पोलादी तारांचे पंचावन्न पीळ एकत्र ताणून बसवलेले असतात, आणि रस्त्याजवळ आल्यावर ते छातीएवढ्या उंचीच्या जाड लोखंडी नळीतून पुलाच्या पोटात उतरतात. पोलाद थकलं किंवा गंजलं की एखादी तार आतल्या आत तुटते. तुटताना टक्क असा आवाज होतो. तो माणसाला ऐकू येत नाही, पण पोलादातून सेकंदाला पाच किलोमीटरच्या वेगाने धावत जातो. म्हणून प्रत्येक नळीवर बटणाएवढा एक कान चिकटवलेला होता. छत्तीस कान रात्रंदिवस ऐकायचे आणि किनाऱ्यावरच्या खोलीतलं यंत्र त्या आवाजांवरून रोज सकाळी प्रत्येक केबलची तब्येत टक्क्यांत सांगायचं. यंत्राचं सरकारी नाव ओळभर लांब होतं. पुलावरचे सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत.

वैद्यबुवांना नाडी शिकवली ती विशाखानेच. यंत्र हुशार होतं, स्वतःचं स्वतः शिकायचं, पण निरोगी कशाला म्हणायचं हे त्याला पहिल्यांदा कुणीतरी दाखवावं लागतं. एक केबल निवडा, ही ठणठणीत आहे असं सांगा, मग यंत्र बाकीच्यांना तिच्याशी ताडून बघतं. सत्तावीस वर्षांची विशाखा तेव्हा नुकती रुजू झाली होती. तिने आठवडाभर छत्तिसांचे आवाज तपासले आणि जी सगळ्यांत शांत होती तिच्याकडे बोट दाखवलं. चौदा नंबर. शास्त्राला धरूनच केलं तिने. पण खोटं कशाला बोला, मनात आणखीही एक गोष्ट होती.

पूल बांधताना, एकोणीस वर्षांपूर्वी, चौदा नंबरची केबल ओढली जात असताना तिचा दामूकाका वरून खाडीत पडला. ओहोटी जोरात होती. गावातल्या बारा होड्या तीन दिवस फिरल्या, देह मिळाला नाही. ज्याचा देह मिळत नाही त्याला कुठेतरी जागा द्यावी लागते, म्हणून तिच्या वडिलांनी, जनार्दन तांडेलांनी, चौदा नंबरच्या नळीला शेंदूर फासला आणि भावाला तिथे बसवलं. पुढे खाडीकाठच्या मुरडबंदर गावच्या लोकांनी त्याला चौदाचा देव म्हणायला सुरुवात केली. दर खंडेनवमीला, जेव्हा सगळे आपापली हत्यारं आणि यंत्रं पुजतात, तेव्हा गाव पुलावर यायचं. तेलात कालवलेल्या शेंदराचा थर चढायचा, नारळ फुटायचा. एकोणीस वर्षांत नळीवर बोटभर जाडीची शेंदरी खोळ तयार झाली. कान तिच्यातच कधीतरी गडप झाला.

एकदा तपासणी पथकाने ती खोळ खरवडायला सांगितली होती. विशाखाने फाइलवर लिहून दिलं, हा नुसता रंग आहे, बांधकामाला धोका नाही. खाली सही केली. घरी आल्यावर बाबांना सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उथळ पाण्याला खळखळाट फार, बाय," ते म्हणाले होते. "माझा दामू बघ कसा गप उभा आहे. एवढा पूल धरलाय, पण तोंडातून शब्द नाही."

तिच्या नोकरीच्या सातव्या वर्षी पाऊस सरता सरता तेरा आणि पंधरा नंबर एकदम बोलायला लागल्या. दिवसाला चाळीस-चाळीस टकटक. वैद्यबुवांनी दोघींना आजारी ठरवलं आणि उपायही सुचवला: नव्या केबली येईपर्यंत दोघींचा ताण थोडा उतरवा आणि तो मधल्या चौदाला द्या. चौदा धडधाकट आहे, अठ्ठ्याण्णव टक्के. फडतरे साहेब पुलाचे मुख्य अभियंता. त्यांनी दिवस ठरवला तो नेमका खंडेनवमीचा, कारण त्या दिवशी जड वाहनं कमी. मुकादम हसनचाचा परकारांच्या टोळीची एकच अट होती. दुपारी बाराला केबल ओढायच्या जॅकची पूजा, आणि एकदा हत्यार पुजलं की दसऱ्यापर्यंत ते हलवायचं नाही. म्हणजे काय करायचं ते बाराच्या आत उरका.

घाई अशी सुरू झाली. आठला काम चालू झालं. तेरा आणि पंधरा सैल करून झाल्या आणि दहाच्या सुमारास हसनचाचांनी पुलाच्या पोटातल्या जाळीच्या पिंजऱ्यात बसून चौदाला ओढायला घेतलं. दहा टप्प्यांत ओढायचं होतं. वर रस्त्याची एक बाजू बंद, दुसरीवरून मोटारी आणि स्कुटरी चाललेल्या, आणि बंद बाजूला चौदाच्या देवापुढे चाळीसएक माणसं, पोरंटोरं, फुलांच्या पाट्या. जनार्दन तांडेल पाटावर बसून शेंदूर कालवत होते.

पाचव्या टप्प्याला वॉकीटॉकीवर हसनचाचांचा आवाज आला. केबल लांबतेय, पण दाब चढत नाही म्हणाले. कणीक ओढल्यासारखी वाटतेय. वर रस्त्यावर उभ्या असलेल्या विशाखाने मोबाइलवर वैद्यबुवांकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव. मीटर बिघडला असेल, असं म्हणाली ती. चाळीस वर्षं जॅक चालवलेल्या माणसाला ती असं म्हणाली, आणि चाचा बिचारे हो म्हणाले. सहावा टप्पा झाला. सातवा झाला.

आणि देवाला घाम फुटला.

पहिल्यांदा तिच्या वडिलांनीच पाहिलं. शेंदराच्या खोळीला पायथ्याशी केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून एक थेंब बाहेर येत होता. तो ओघळला, मागून दुसरा आला. बायकांनी हात जोडले. कुणी म्हणालं देव पावला, कुणी म्हणालं आपलं ओझं उचलताना दामूला घाम आला. माणसं एकमेकांना बोलावू लागली, मोटारी थांबवून लोक उतरू लागले. बघता बघता चाळिसाचे सत्तर झाले.

विशाखाने खाली वाकून तो थेंब बोटावर घेतला. तांबूस तपकिरी होता. नाकाशी नेला तर विहिरीत वर्षानुवर्षं पडलेल्या बादलीसारखा वास आला. बारा दिवसांत पाऊस नव्हता, ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. मग हे पाणी आलं कुठून?

उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते तिचंच होतं. केबलवरून पावसाचं पाणी ओघळतं, नळीच्या तोंडावरच्या टोपीचं रबर कितीही घट्ट असलं तरी थोडं नळीत शिरतंच. म्हणून नळीच्या पायथ्याशी अंगठ्याएवढं भोक ठेवलेलं असतं, आत आलेलं पाणी बाहेर पडायला. छत्तीस नळ्या, छत्तीस भोकं. चौदाचं भोक तिने पाहिलं होतं. पंधरा वर्षांची होती ती. पहिल्या खंडेनवमीला उदबत्ती लावायला जागा सापडेना, म्हणून तिनेच ती त्या भोकात खोचली होती. किती बरोबर बसली म्हणून बाबांनी पाठ थोपटली होती. काडी आतच राहिली आणि वरून शेंदराने भोक बुजलं.

म्हणजे एकोणीस पावसाळे पाणी आत साचत होतं. खाऱ्या हवेचं पाणी. तारा त्यात उभ्या होत्या. चौदा गप्प होती ती तब्येत चांगली म्हणून नव्हे. तिच्या बहुतेक तारा वैद्यबुवा यायच्या आधीच तुटल्या असणार आणि तुटलेली तार पुन्हा तुटत नाही. उरलेलं जे काही कण्हणं होतं ते शेंदराने दाबलं. तेरा आणि पंधरा ओरडत होत्या त्या शेजारणीचं ओझं वाहून वाहून. त्यांना आजारी ठरवून आज सगळा भार मेलेल्या केबलवर चढवला जात होता.

तिचे गुरुजी शिकवताना म्हणायचे, बांधकाम ओझ्याने क्वचित पडतं, ते पडतं न पाहिलेल्या जागेने. आणि म्हणायचे, नियमपुस्तकातलं प्रत्येक कलम कुणाच्या तरी तेराव्याला लिहिलेलं असतं. विशाखाने सभोवार पाहिलं. सत्तर माणसं, शेजारून जाणारी वाहनं, पाटावर बाबा.

हसनचाचांना तिने जॅक जिथे आहे तिथेच थांबवायला सांगितलं आणि फडतरे साहेबांना फोन लावला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की सणाच्या दिवशी खाडीवरचा एकुलता एक पूल ते एका थेंबावरून बंद करू शकत नाहीत. यंत्र अठ्ठ्याण्णव म्हणतंय. यंत्रावर विश्वास नाही का तुमचा?

"साहेब, यंत्राला मीच शिकवलं," विशाखा म्हणाली. "चुकीचं शिकवलं. मी पूल बंद करतेय. उद्या मला काय करायचं ते करा."

तिने मोबाइलवरचं लाल बटण दाबलं. दोन्ही टोकांचे रस्ता अडवायचे दांडे खाली आले, भोंगा वाजू लागला. मोटारी निघाल्या, दोन मिनिटांत रस्ता मोकळा झाला. पण देवापुढची माणसं जागची हलेनात. भोंग्याला कोण विचारतो? देव साक्षात घामाघूम झालाय आणि ही पोरगी म्हणते घरी जा. ती ओरडून सांगत होती आणि लोक तिला समजावत होते की दामोदर असताना घाबरायचं काय कारण. एका म्हातारीने तर तिच्याच कपाळाला शेंदूर लावला.

इकडे वेळ नव्हता. ताण एकदम सोडला तर त्या धक्क्यानेच सगळं जाईल. आधी तेरा आणि पंधरा पुन्हा आवळायच्या, मग चौदा टप्प्याटप्प्याने उतरवायची. चाळीस मिनिटं तरी लागणार होती, आणि तेवढा वेळ वर एकही माणूस नको होता.

ती बाबांच्या पाटापुढे गुडघ्यांवर बसली. शास्त्र सांगून उपयोग नव्हता, आणि खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"बाबा, आत पाणी साचलंय. एकोणीस वर्षं. पाणी जायचं भोक आपण बुजवलं. मी उदबत्ती खोचली होती ना, तेच."

म्हाताऱ्याने तिच्या बोटाकडे पाहिलं. तपकिरी डाग अजून ओला होता. त्यांनी तिचं बोट धरून नाकाशी नेलं. सारा जन्म होड्यांवर गेलेला माणूस. गंजलेल्या लोखंडाच्या वासाची त्यांना ओळख करून देण्याची गरज नव्हती.

"म्हणजे दामू पाण्यातच राहिला," ते हळूच म्हणाले. "आपल्याच हातानं?"

"आपल्याच."

क्षणभर तिला वाटलं, आता हे इथेच कोसळतात. चेहरा राखेसारखा झाला होता त्यांचा. पण जनार्दन तांडेलांनी शेंदराची वाटी बाजूला सारली, ताटातल्या अक्षता उचलल्या आणि मोठ्याने उत्तरपूजा म्हणायला लागले. पूजा अजून मांडून झाली नव्हती, आरती नाही, नैवेद्य नाही आणि थेट उत्तरपूजा! लोक चपापले. त्यांनी देवावर अक्षता टाकल्या, देव म्हणून मांडलेली सुपारी किंचित हलवली आणि उचलून ओंजळीत घेतली. "पुनरागमनाय च," म्हणाले आणि उठून उभे राहिले.

"देव हलला," ते म्हणाले. "आता तो इथं नाही. माझ्या हातात आहे. ज्याला देवामागं यायचं त्यानं चला."

आणि मागे वळून न पाहता चालायला लागले. भोंग्याने जे झालं नाही ते एका सुपारीने केलं. सत्तर माणसं चपला पायात सरकवत, पोरं कडेवर घेत त्या वाकलेल्या म्हाताऱ्यामागून किनाऱ्याकडे निघाली. विशाखा शिडीकडे धावली.

खाली हसनचाचांनी टोळीतल्या चौघांपैकी दोघांना परत पाठवलं होतं. तेरा आवळली, पंधरा आवळली. एकेका टप्प्याला जीव मुठीत. वैद्यबुवांचं ऐकण्यात अर्थ नव्हता, म्हणून चाचांनी जुनी युक्ती केली. लांब पान्याचं एक टोक चौदाच्या नळीला टेकवलं आणि दुसरं कानाला. थोडा वेळ ऐकून त्यांनी पाना तिच्याकडे दिला.

टक्क. मग काही नाही. मग टक्क, टक्क. पोलादाच्या आत कुणीतरी बोटं मोडत होतं. सात वर्षांत पहिल्यांदाच चौदा बोलत होती.

तेरा आणि पंधरा जवळजवळ पूर्ववत झाल्या होत्या. चौदाचा ताण दोन टप्पे उतरला, तिसरा सुरू झाला आणि मग पान्याची गरज उरली नाही. उघड्या कानाला आवाज येऊ लागला, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा. चाचांनी जॅक सोडला, तिच्या दंडाला धरून तिला शिडीकडे ढकललं. टोळीतले दोघे पुढे, मग ती, मागे चाचा. वर आल्यावर चौघंही जीव खाऊन धावली. किनारा तीनशे मीटर. मागे वळून पाहायचं नाही एवढंच तिला कळत होतं.

अर्ध्या वाटेवर ते झालं. आवाज कानांनी ऐकण्यापलीकडचा होता, तो पायांतून आला. रस्ता पायाखालून खाली गेला आणि पुन्हा वर आला. ती तोंडावर आपटली. डोक्यावरून सूं करून काहीतरी गेलं आणि दूर खाडीत पाणी उसळलं. ती दोन्ही हातांनी डांबर धरून पडून राहिली. आता सगळं जाणार, तेरा जाणार, पंधरा जाणार, एकामागून एक. तिने मोजायला सुरुवात केली. वीसपर्यंत मोजलं, मग पन्नासपर्यंत. पूल हलत होता, कण्हत होता, पण उभा होता. तेरा आणि पंधरा आवळल्या होत्या म्हणून उभा होता.

रांगत, धडपडत चौघंही किनाऱ्याला लागली. बाबा दांड्याजवळ उभे होते, सुपारीची मूठ छातीशी घट्ट धरलेली. दुसऱ्या हाताने त्यांनी तिच्या कपाळावरचा शेंदूर पुसून काढला.

पुढे रीतीप्रमाणे चौकशी झाली. चौदाचा बुडखा कापून उघडला तेव्हा पंचावन्न पिळांपैकी त्रेचाळिसांची टोकं जुनी निघाली, गंजून सुईसारखी झालेली. बाराच टोकं ताजी, चकचकीत होती. त्या बारांवर किती वर्षं गावची वरात, ॲम्ब्युलन्स, शाळेच्या बसगाड्या गेल्या देव जाणे. यंत्राची नोंदही काढली. केबल तुटली त्या मिनिटाला चौदा नंबरची तब्येत अठ्ठ्याण्णव टक्के होती.

ती जुनी सहीची टिपणी बाहेर काढू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं फडतरे साहेबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. साहेब वाईट नव्हते, तिला वाचवायलाच बघत होते. विशाखाने ती टिपणी फाइलमध्ये सगळ्यांत वर लावली आणि उदबत्तीचंही लिहून दिलं. त्यावर जनार्दन तांडेलांनी समितीकडे जाऊन आपलंही नाव घालायला सांगितलं, आणि तेही मुलीच्या आधी. ती निलंबित झाली. नियमपुस्तकात नवं कलम आलं: जी केबल सर्वांत शांत, ती प्रथम उघडून पाहावी. गुरुजींना कळवावंसं वाटलं तिला, की या एका कलमाला तेरावं घालावं लागलं नाही.

सुपारी मात्र अजून घरीच आहे. नवी चौदा बसून वर्ष होत आलं, गावातले विचारतात देव परत कधी बसवणार. बाबा महिन्यातून एकदा कडुलिंबाची बारीक काडी घेऊन पुलावर जातात, छत्तीस नळ्यांची छत्तीस भोकं कोरून येतात आणि हात धुऊन जेवायला बसतात.

आणि विशाखा? तिला आवाजाची भीती वाटत नाही. शेजारची गिरणी धडधडते, पंखा खडखडतो, बाबा दुपारी घोरतात, तोवर तिचं बरं चाललेलं असतं. परवा दुपारी जेवण आवरून ती ओसरीवर आली आणि थबकली. बाबा चटईवर निपचित पडले होते. घोरणं नाही, हालचाल नाही, चेहरा अगदी शांत. ती दबकत जवळ गेली, बसली आणि बोट त्यांच्या नाकाशी धरलं.

"झोपलोय गो," डोळे न उघडता म्हातारा म्हणाला. "बघ, बघ. बघून घे नीट."